भर उन्हाळ्यात काशी: सहलीच्या ग्रुपबरोबर जाणाऱ्यांसाठी

शाळांना सुट्टी लागते ती उन्हाळ्यात, नोकरी करणाऱ्या मुलांना रजा मिळते ती मे महिन्यात, आणि आईवडिलांचे गुडघे पुढच्या वर्षी साथ देतील की नाही याची खात्री नसते. म्हणून काशीला जाण्यासाठी मे हा सर्वांत कठीण महिना असूनही मराठी सहलींच्या बस नेमक्या त्याच महिन्यात बनारसच्या वाटेला लागतात. त्यातच एखाद्या वर्षी उन्हाळ्यात अधिक मास आला, जसा २०१८ आणि २०२६ या दोन्ही वर्षी ज्येष्ठाचा आला, की गर्दी आणखी वाढते. मी स्वतः तीन वेळा उन्हाळ्यात ग्रुपबरोबर काशीला जाऊन आले आहे. त्यांपैकी एकदा सत्तरी ओलांडलेली आई बरोबर होती. त्या अनुभवातून जे शिकले ते पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

काशीत मे-जूनमध्ये पारा चाळीसच्या वर असणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि काही दिवस तो चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंतही जातो. तरीही माझ्या पाहण्यात जे प्रवासी आजारी पडले, त्यांना केवळ उन्हाने पाडले नव्हते, तर चुकीच्या वेळी उन्हात उभे राहावे लागल्यामुळे ते आजारी पडले होते. एकटा माणूस ऊन वाढले की खोलीवर परततो. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये मात्र एकाची खरेदी संपेपर्यंत बाकीचे एकोणचाळीस जण ताटकळत राहतात. म्हणून उन्हाळ्यातील काशीचा दिवस दोन तुकड्यांत जगावा लागतो: पहाटे चारपासून साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत. मधली दुपार कोणत्याही मोहाने बाहेर घालवू नये. कार्यक्रमपत्रिका याच्या विरुद्ध जात असेल, तर ती बदलून घेण्याचा आग्रह प्रवाशांनीच धरायला हवा.

आपले घड्याळ आणि काशीचा सूर्य

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते, ती रेषा मिर्झापूरजवळून जाते आणि काशी तिच्या किंचित पूर्वेला आहे. त्यामुळे काशीत घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य खरोखरच माथ्यावर आलेला असतो, तर मुंबई-पुण्यात त्यासाठी साडेबारा वाजून जावे लागतात. मे महिन्याच्या शेवटी मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. काशीत तो सव्वापाचच्या आतच वर आलेला असतो. म्हणजे आपण घरच्या सवयीने “नऊच तर वाजलेत, अजून बरेच फिरता येईल” असे म्हणतो, तेव्हा उन्हाच्या हिशेबाने तिथे आपल्याकडचे पावणेदहा झालेले असतात. हा पाऊण तासाचा फरक मनात पक्का बसवला, तर पहाटे साडेतीनला उठवणाऱ्या टूर मॅनेजरवर राग येत नाही.

दुसरी गोष्ट घाटांच्या दिशेची. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि अस्सीपासून आदिकेशवापर्यंतचे चौऱ्याऐंशी घाट तिच्या पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. समोरच्या तीरावर वाळूच असल्यामुळे उगवता सूर्य कोणत्याही आडोशाविना थेट पायऱ्यांवर येतो. ते दृश्य अतिशय सुंदर असते, पण सात-साडेसातनंतर तेच ऊन समोरून डोळ्यांवर आणि खालून दगडांवरून अंगावर येऊ लागते. दुपार कलली की घाटांमागच्या उंच वाड्यांची सावली पायऱ्यांवर पसरते. मात्र दिवसभर तापलेला दगड सावलीत आल्यावरही बराच वेळ धग देत राहतो. माझी आई चार वाजता सावली बघून अहिल्याबाई घाटाच्या पायरीवर टेकली आणि लगेच उठून उभी राहिली, कारण पातळातूनही दगडाचा चटका बसला होता. म्हणून घाटावर पायी फिरायचे ते एक तर साडेसातच्या आत किंवा साडेपाचनंतर, आणि बसण्यासाठी पिशवीत एक जाडसर चटई किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवावी.

उन्हाचा प्रकारही वेगळा आहे. नागपूर-अकोल्याच्या माणसाला कोरडे ऊन ठाऊक असते आणि कानाला रुमाल बांधल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही. मुंबईचा किंवा कोकणातला माणूस मात्र घामाच्या धारा लागल्या म्हणजेच उकाडा, असे समजतो. काशीत पश्चिमेकडून लू, म्हणजे गरम कोरडा वारा, वाहत असतो, त्यात घाम फुटताक्षणीच सुकतो, कपडे ओले होत नाहीत, आणि आपल्याला फारसा घाम येत नाही असा गैरसमज होतो. प्रत्यक्षात शरीरातले पाणी झपाट्याने कमी होत असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की सुरू होणाऱ्या नऊ दिवसांना तिकडे नौतपा म्हणतात. तारखा निवडण्याची मोकळीक असेल तर निदान ते नऊ दिवस आणि त्यांच्या आसपास येणारा गंगा दशहरा, म्हणजे गंगास्नानाच्या गर्दीचा सण, टाळावा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पावसाची चाहूल लागते तेव्हा पारा थोडा उतरतो, पण हवेत दमटपणा येतो आणि मग मुंबईकरांना ओळखीचा घाम तिथेही सुटतो.

नावनोंदणी करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

माहितीपत्रकात “वातानुकूलित बस, उत्तम निवास, मराठी भोजन” इतके लिहिलेले असते आणि बहुतेक जण त्यावर समाधान मानतात. उन्हाळ्यात तेवढे पुरत नाही. बस उभी असताना वातानुकूलन चालू ठेवतात का, हे स्पष्ट विचारावे, कारण बंद केलेली बस अर्ध्या तासात भट्टीसारखी तापते. मुक्कामाचे हॉटेल कोठे आहे, हेही विचारावे. ग्रुपसाठीची बरीच हॉटेले कँटोन्मेंट किंवा सिगरा भागात असतात आणि मोठी बस जुन्या शहराच्या आत जाऊ शकत नाही, त्यामुळे पुढचा टप्पा ई-रिक्षाने आणि शेवटचा पायी गाठावा लागतो. ई-रिक्षाचे भाडे सहलीच्या खर्चात धरले आहे की आपण द्यायचे, आणि मंदिरापर्यंत एकूण किती चालावे लागते, याची उत्तरे लेखी घ्यावीत. हॉटेलात लिफ्ट आणि जनित्र आहे ना, हा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी रात्री वीज गेल्यावर त्याचे महत्त्व कळते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुपारचा. काशीच्या मुक्कामात दुपारी बारा ते साडेचार या वेळेत प्रवासी खोलीत असतील का, हे विचारून घ्यावे. “दुपारी सारनाथ आणि नंतर साडी सेंटर” असे उत्तर आले, तर ती सहल मे महिन्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी योग्य नाही असे मी निःसंकोच सांगेन. काशी, प्रयाग आणि गया अशी त्रिस्थळी यात्रा असेल तर बसचे टप्पे कोणत्या वेळी आहेत तेही बघावे. प्रयागराज ते काशी हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, ते सकाळी लवकर निघून सहज पार पडते. गया मात्र अडीचशे किलोमीटरच्या घरात असल्यामुळे तो संपूर्ण दिवस बसमध्ये जातो.

आपल्या डॉक्टरांना भेटणे हाही पूर्वतयारीचाच भाग समजावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी, उन्हात किती पाणी प्यावे आणि गोळ्यांच्या मात्रेत काही बदल करावा का, हे विचारूनच निघावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. इन्सुलिन बसच्या वरच्या कप्प्यात किंवा डिकीत ठेवू नये, तोंडाशी रुंद असलेल्या थर्मासमध्ये ठेवावे, आणि बर्फाला थेट चिकटणार नाही याची काळजी घ्यावी.

सामान

सामानाबद्दल फार लिहिण्याजोगे काही नाही. सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी किंवा छत्री, आणि ओआरएसची पुडकी पुरेशी होतात. एक पंचा मात्र प्रत्येकाने स्वतंत्र घ्यावा, किंवा तिथे पोहोचल्यावर गमछा विकत घ्यावा, कारण ओला करून मानेवर टाकायला, कान झाकायला, घाम टिपायला आणि वेळप्रसंगी आजारी माणसाला वारा घालायला त्याच्याइतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही. पादत्राणे झटकन काढता-घालता येतील अशी असावीत. मंदिरांच्या आवारात अनवाणी चालावे लागते, म्हणून जाड सुती मोज्यांचा एक जादा जोड ठेवावा आणि मोजे चालतात का, हे तिथे विचारून घालावेत.

पहाटेचा तुकडा

विश्वनाथाचे दर्शन पहाटेच उरकावे. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले तेव्हापासून मंदिराचा परिसर सुमारे पाच लाख चौरस फुटांचा झाला आहे. पूर्वीच्या अरुंद गल्लीतली घुसमट त्यामुळे गेली, पण गल्लीची सावलीही गेली, आणि उघड्या फरशीवरून अनवाणी चालण्याचे अंतर वाढले. सकाळी सहाला ती फरशी पायांना सुखद लागते. अकरा वाजता तीच ओलांडताना ज्येष्ठांचे अक्षरशः हाल होतात. मोबाइल आणि पिशव्या आत नेता येत नाहीत, त्या लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. म्हणजे पाण्याची बाटलीही आपल्याजवळ राहणार नाही असे धरून चालावे, आणि रांगेत शिरण्यापूर्वी दोन पेले पाणी सावकाश पिऊन घ्यावे. रिकाम्या पोटी दर्शन घेण्याचा नेम असणाऱ्यांनी निदान पाणी तरी वर्ज्य करू नये. लॉकरमुळे सर्वांचे फोन एकाच वेळी बंद पडतात, म्हणून बाहेर पडल्यावर कोठे जमायचे ते आधीच ठरवावे. गोदौलिया चौकातला नंदी ही खूण कोणालाही सापडते, पण तिथे उघड्यावर उभे राहावे लागते. त्यामुळे जमण्याची जागा एखाद्या सावलीतल्या दुकानाच्या ओट्यावर धरावी आणि हॉटेलचे कार्ड प्रत्येकाच्या खिशात असावे.

त्या आवारात अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे, तिथे मराठी माणसाने दोन मिनिटे थांबावे. १७८० मध्ये त्यांनी हे मंदिर पुन्हा उभे केले, म्हणून आज आपण तिथे उभे आहोत. घाटांवरही आपल्या ओळखीची नावे भेटत राहतात: अहिल्याबाई घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, शिंद्यांचा घाट. राणी लक्ष्मीबाईंचा जन्मही काशीतलाच, आणि त्यांचे स्मारक अस्सीजवळ भदैनीत आहे. बहुतेक सहलींच्या पत्रिकेत ते नसते. पण पहाटेची नौका अस्सीपासून सुरू करायची असेल, तर तेवढ्याच फेरीत ते पाहता येते, आणि टूर मॅनेजरला आदल्या दिवशी सांगितले तर तो सहसा नाही म्हणत नाही.

नौकेची फेरी पाच वाजता सुरू व्हावी आणि साडेसहा-सातपर्यंत संपावी. उन्हाळ्यात गंगेची पातळी खाली गेलेली असते, त्यामुळे नौकेपर्यंत नेहमीपेक्षा अधिक पायऱ्या उतराव्या लागतात, आणि परतताना त्याच चढाव्या लागतात. गुडघेदुखी असलेल्यांनी हे आधी विचारात घ्यावे आणि जिथे चढ कमी असेल त्या घाटावर उतरवण्याची विनंती नावाड्याला करावी. लाइफ जॅकेट गरम होते म्हणून काढून ठेवू नये. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांसमोरून जाताना छायाचित्रे काढू नयेत आणि मोठ्याने बोलू नये. तिथे कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आई अखेरच्या प्रवासाला निघालेली असते.

स्नान करायचे असेल तर तेही याच वेळी करावे. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून साखळी किंवा सोबत्याचा हात धरून उतरावे आणि कंबरेएवढ्या पाण्यापलीकडे जाऊ नये. कचोरी-जिलेबीचा नाश्ता हे काशीचे खास सुख आहे, पण ते सकाळी आठच्या आत आणि बेताने घ्यावे. हिवाळ्यातल्या मलइयोचे, म्हणजे दुधाच्या फेसाच्या मिठाईचे, वर्णन ऐकून गेलेल्यांनी मे महिन्यात त्याचा शोध घेऊ नये, तो दवाच्या दिवसांतलाच पदार्थ आहे.

पाणी, आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते

दुसऱ्या सहलीत माझ्या शेजारी बसणाऱ्या काकू सकाळपासून पाण्याला हात लावत नव्हत्या. प्रयागहून निघून दोन तास झाले होते. मी बाटली पुढे केली तर त्या हळूच म्हणाल्या, “नको गं बाई. प्यायले की मग जायचं कुठे? बस थांबवायला सांगायची लाज वाटते.” त्याच संध्याकाळी दशाश्वमेध घाटावरच्या गंगाआरतीच्या गर्दीत त्यांना चक्कर आली. शुद्ध गेली नाही, घाटाच्या वरच्या अंगाला नेऊन पाणी पाजल्यावर त्या सावरल्या, पण त्यांची आरती हुकली आणि उरलेले दोन दिवस त्या खोलीतच होत्या.

ही एकट्या काकूंची गोष्ट नाही. ग्रुपमधल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया हेच करत असतात, आणि पन्नाशीपुढचे पुरुषही करतात, असे मला तिन्ही सहलींत दिसले. उन्हाळ्यातल्या सहलीचा हा सर्वांत मोठा धोका आहे आणि तो भिडेपोटी निर्माण होतो. यावर उपाय एकच: पहिल्याच संध्याकाळी ग्रुपची ओळखपरेड होते तेव्हा कोणीतरी उभे राहून सर्वांसमक्ष सांगावे की बस दर दोन तासांनी स्वच्छतागृहासाठी थांबेल, कोणी मागणी केली नाही तरी थांबेल. मागणीवर सोडले की मागणी होत नाही. वेळापत्रकात घातले की लाज उरत नाही. शहरात फिरताना दशाश्वमेधाकडे जाण्यापूर्वी आणि आरतीनंतर, सुलभ शौचालय कोठे आहे ते मॅनेजरने आधी दाखवून ठेवावे, सुटे पैसे प्रत्येकीजवळ असावेत, आणि दोघी-तिघींनी मिळून जावे.

पाणी एका वेळी घटाघट पिण्यापेक्षा दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार-पाच घोट असे घ्यावे. उतारवयात तहान कमी लागते, त्यामुळे तहान लागल्यावर पिऊ हा हिशेब ज्येष्ठांसाठी चुकीचा ठरतो. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला की पाणी कमी पडते आहे असे समजावे. ओआरएसचे पुडके पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम विरघळवावे. अर्धे पुडके पेल्यात टाकून पिऊ नये, कारण त्याने प्रमाण बिघडते. पुडके नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. वाटेत बेलाचे सरबत, सत्तूचे सरबत आणि आपल्या पन्ह्यासारखे आम पन्ना जागोजागी मिळते आणि ते उन्हाला उत्तम असते, मात्र त्यात टाकला जाणारा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नसल्याने बर्फाविना मागावे. गोदौलियाच्या परिसरात ठंडाई घेताना “बिना भांग की” असे स्पष्ट सांगावे आणि दुकानदाराच्या तोंडून तसे वदवून घ्यावे. भांग घातलेली ठंडाई तिथे उघडपणे मिळते, आणि उन्हाने थकलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला ती भारी पडते.

जेवणाबाबत मराठी सहलींचे प्रेम कधी कधी अडचणीचे ठरते. सोबतचे आचारी रोज एक गोड पदार्थ आणि तळण करतात, प्रवासीही पैसे वसूल झाल्याच्या आनंदात ते खातात, आणि श्रीखंड-पुरीच्या जेवणावर एक वाजता बसमध्ये बसलेल्यांना मळमळू लागते. आम्ही तिसऱ्या वेळी आचारीदादांना पहिल्याच दिवशी विनंती केली की काशीत असेपर्यंत दुपारी दहीभात, ताक, आमसुलाचे सार आणि काकडीची कोशिंबीर एवढेच करा, गोड काय ते रात्री करा. त्यांनी ते आनंदाने मान्य केले, कारण भर दुपारी तेलाच्या कढईसमोर उभे राहणे त्यांच्याही जिवावर येत होते.

जोडी

ग्रुपमध्ये प्रत्येकाने एका सहप्रवाशाची जबाबदारी घ्यावी, आणि शक्यतो तो आपला नवरा, बायको किंवा भाऊ नसावा. घरच्या माणसाची चिडचिड आपण “यांचं नेहमीचंच आहे” म्हणून सोडून देतो. परक्या माणसाची तीच चिडचिड आपल्याला खटकते, आणि अचानक आलेली चिडचिड हे उन्हाचे पहिले लक्षण असू शकते. आपल्या जोडीदाराने शेवटचे पाणी कधी प्यायले आणि तो नेहमीसारखा बोलतो आहे ना, एवढेच बघायचे असते.

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे, चक्कर ही लक्षणे दिसली की सावलीत किंवा वातानुकूलित जागेत न्यावे, पाय थोडे उंच करून झोपवावे, कपडे सैल करावेत आणि ओआरएस घोटाघोटाने द्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग कमालीचे तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असतो आणि तिथे एक मिनिटही वाट पाहू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर भरपूर पाणी ओतून सतत वारा घालावा. बर्फ मिळाल्यास कापडात गुंडाळून मानेवर, काखेत आणि जांघेत ठेवावा. अर्धवट शुद्धीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी अशा वेळी उपयोगी पडत नाही. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, म्हणून केवळ घामावरून अंदाज बांधू नये.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जपण्याचे, कारण शरीराला नव्या उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि आपली सहल तोवर संपलेली असते. म्हणून पहिल्या दिवशी उत्साहाने काळभैरव, संकटमोचन, दुर्गाकुंड, तुलसी मानस मंदिर अशी सगळी देवळे उरकण्याचा बेत असेल, तर त्यातली दोन दुसऱ्या पहाटेवर ढकलण्याची विनंती करावी.

सारनाथ, साड्या आणि आरती

सारनाथ दहा किलोमीटरवर आहे. धमेक स्तूपाभोवतीचे मैदान मोठे आणि उघडे आहे, म्हणून तिथे सकाळी लवकर जावे आणि ऊन चढल्यावर संग्रहालयात शिरावे. अशोकस्तंभाचे मूळ सिंहशीर्ष तिथे आहे आणि त्यासमोर घाई करू नये. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे सारनाथचा वार पत्रिकेत तपासून घ्यावा.

बनारसी साड्यांच्या दुकानात ग्रुपला हमखास नेतात. दुकान थंडगार असते म्हणून तिथे बसायला हरकत नाही, पण वेळ ठरवून घ्यावी आणि ती पाळावी. पहिल्या सहलीत दोन कुटुंबे साड्या बघत राहिली, बाकीचे खरेदी संपली म्हणून बसमध्ये जाऊन बसले, चालकाने इंजिन बंद केले होते, आणि पाऊण तासाने एका आजोबांना उलट्या सुरू झाल्या. चूक कोणा एकाची म्हणता येत नव्हती, पण त्या आजोबांचा पांढरा पडलेला चेहरा मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून मी एक नियम स्वतःपुरता पाळते: सगळे जमेपर्यंत बसमध्ये चढायचे नाही, दुकानाच्या आतच थांबायचे.

संध्याकाळच्या आरतीसाठी दशाश्वमेधावर तास-दीड तास आधी जागा धरावी लागते आणि तेव्हा पायऱ्या तापलेल्या असतात. नौकेतून आरती पाहिली तर धग कमी लागते, पण नौकेत चढताना-उतरताना रेटारेटी होते. ज्येष्ठांना मी नौकाच सुचवेन, मात्र त्यांना आधी चढवावे आणि सर्वांत शेवटी, गर्दी ओसरल्यावर उतरवावे. ओला पंचा मानेवर असू द्यावा.

शेवटच्या दिवशीची दुपार

परतीचा दिवस बहुतेक पत्रिकांत एका ओळीत संपवलेला असतो: “नाश्ता करून हॉटेल सोडणे, सायंकाळी परतीचा प्रवास.” या ओळीत जी दुपार दडलेली असते ती संपूर्ण सहलीतली सर्वांत त्रासदायक ठरू शकते, कारण खोल्या बारापर्यंत सोडाव्या लागतात, गाडी रात्रीची असते, आणि सामानासकट चाळीस माणसे हॉटेलच्या दिवाणखान्यात किंवा फलाटावर बसून राहतात. दोन-तीन खोल्या संध्याकाळपर्यंत ठेवून घ्याव्यात, एक बायकांना, एक पुरुषांना, एक अंथरुणाची गरज असलेल्यांना. जादा भाडे सर्वांत वाटले तर ते फार होत नाही. गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते तेही आदल्या दिवशी पुन्हा तपासावे. वाराणसी जंक्शन, ज्याला तिकडे कँट म्हणतात. बनारस, जे पूर्वी मंडुआडीह होते. आणि गंगेपलीकडचे पंडित दीनदयाल उपाध्याय, म्हणजे जुने मुगलसराय, ही तीन वेगवेगळी स्थानके आहेत. भर उन्हात चुकीच्या स्थानकावर पोहोचून पुन्हा रिक्षा शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये.

गंगाजलाचे सीलबंद गडू घाटावर मिळतात. विमानाने परतणाऱ्यांनी ते हातातल्या पिशवीत ठेवू नयेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मोठ्या सामानात द्यावेत. रेल्वेने येणाऱ्यांनी ते बर्थखाली आडवे न ठेवता उभे ठेवावेत, आणि डाक लावलेली जागा एकदा बोटाने तपासून घ्यावी. प्रवासासाठी खरबूज, काकडी आणि भरपूर पाणी घ्यावे. जूनच्या उत्तरार्धात परतत असाल तर बनारसचा लंगडा आंबा बाजारात आलेला असतो. पिकल्यावरही त्याची साल हिरवीच राहते, म्हणून रंग बघून कच्चा समजू नये, देठाशी वास घेऊन निवडावा, आणि वर्तमानपत्रात सुटा सुटा गुंडाळून आणावा.